कपाटामागचं खणणं

आधी आवाज यायचा. खर्र, खर्र, खर्र, मग थोडी शांतता, आणि परत, आधीपेक्षा घाईने. लादीवर नखं घासल्याचा तो आवाज माझ्या मीटिंगमध्ये जायचा. ऑफिसातल्या कोणीतरी एकदा विचारलं, तुझ्याकडे सुतारकाम चालू आहे का? मी हो म्हणाले. ससा आहे म्हटलं असतं तर कॅमेरा चालू करून दाखव म्हणाले असते, आणि मला कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं.

बोरिवलीचं आमचं घर वन बीएचके आहे. बेडरूम दादा-वहिनीची, हॉलमध्ये आई आणि मी. आईचा दिवाण, माझी गादी, माझं कामाचं टेबल आणि लोखंडी कपाट, एवढ्यात हॉल भरतो. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा आहे. पूर्वी तिथे घडीच्या खुर्च्या उभ्या असायच्या. बाबा रिटायर होऊन गावच्या घरी राहायला गेले तेव्हा त्या खुर्च्या सोबत घेऊन गेले आणि ती फट मोकळी झाली. सशाला घरातली सगळी जागा सोडून तीच आवडली.

ससा म्हणजे खरं तर सशीण. पांढरी, एका कानावर राखाडी डाग. ती मादी आहे हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या अंधेरीच्या ऑफिसातली एक मुलगी दुसऱ्या शहरात चालली होती. तिने ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, कोणी सांभाळेल का? बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मी ‘मी घेते’ असं लिहिलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. इतक्या झटक्यात मी काही केल्याचं मला आठवत नाही. मी न मागणारी मुलगी म्हणून घरात प्रसिद्ध आहे. शाळेत इंग्रजीत चूक होईल म्हणून गप्प बसायचे. घरी सगळे मालवणीत बोलतात आणि माझी मालवणी ऐकून हसतात, म्हणून तिथेही गप्प. सशीण घेऊन आले तेव्हा आई एवढंच म्हणाली की घाण केलीन तर तू काढायची. मला वाटतं, मी काहीतरी मागितलं याचंच तिला आश्चर्य वाटलं असावं.

घाण ती करत नव्हती. खणायची.

आईचं म्हणणं, तिला उकडतंय. ऑक्टोबर होता, आईचंही बरोबर असेल. तिने गोणपाट ओलं करून त्या फटीत अंथरलं. सशिणीने ते पायांनी मागे ढकललं आणि उघड्या लादीवर खणायला लागली. दादा म्हणायचा, “बोअर झालीय यार ती. मी दिवसभर ह्या हॉलमध्ये बसलो ना, तर मी पण भिंत खणेन.” हे मला टोचलं. दिवसभर त्या हॉलमध्ये मीच बसायचे.

आईला मात्र हे खणणंच विचित्र वाटत होतं. तिने गावी लहानपणापासून ससे पाहिले होते, रानातले, करडे, गवतात दबून बसणारे आणि पाय वाजला की उधळणारे. “आमच्या गावचो ससो जमीन खणना नाय,” ती म्हणायची. “ह्येका कायतरी झालां हा.” मी आयुष्यात पाहिलेला पहिला ससा हाच होता.

मग मी बघायला लागले. बघणं मला जमतं. माझ्या गादीवर ती खणायची ते दोन-चार फटकारे, की लगेच आडवी व्हायची; ते झोपायच्या आधी उशी ठोकल्यासारखं होतं. मी लॅपटॉपवर असले की पुढच्या पायांनी माझी सलवार खणायची. म्हणजे माझ्याकडे बघ. कपाटामागचं खणणं वेगळं होतं. तिथे ती कोणाकडे बघायची नाही. कान मागे टाकून, खांदे हलवत, मान खाली घालून चालू. हाक मारली तरी कान वळायचा नाही. मिक्सर लावला, कुकरची शिट्टी झाली, तरी तेच. पाहुणे यायच्या आधी आई घर आवरते तेव्हा तिचाही चेहरा असाच होतो, समोरच्याला न दिसणारी यादी डोक्यात असल्यासारखा. तो आवाज ऐकून मला एका जागी बसवत नसे. मी नखांच्या कडा कुरतडत बसायचे, पाणी प्यायला उठायचे, पाणी न पिताच परत यायचे.

त्या दिवसांत घरात खरं तर कोणालाच एका जागी बसवत नव्हतं. वहिनीला सातवा लागत होता.

हे तिचं दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी चौथ्यातच गावाहून मावशीने लोकरीचं टोपडं विणून पाठवलं होतं, पिवळं. आईने ते कौतुकाने कपाटात ठेवलं. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मावशीला कोणी काही बोललं नाही, पण ती त्या वर्षी मुंबईला आली नाही. टोपडं कुठे गेलं ते मी विचारलं नाही. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही आणायचं नाही, शिवायचं नाही, हे आमच्याकडे आधीपासून होतंच. या वेळी मात्र त्याला धार आली. बाळ हा शब्दच घरातून गेला. टीव्हीवर डायपरची जाहिरात लागली की आई रिमोट शोधायची. सोनोग्राफी झाली की दादा म्हणायचा, रिपोर्ट चांगला आहे, आणि कसला रिपोर्ट हे कोणी म्हणायचं नाही. वहिनी घाटकोपरची, तिच्या माहेरी सगळे मोठ्याने बोलणारे, एकमेकांची फिरकी घेणारे. ती लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरातली शांतता बघून मला म्हणाली होती, तुम्ही लोक काय लायब्ररीत राहता? आता तीही आमच्यासारखी झाली होती. पोटावर ओढणी पसरून बसायची आणि फोन बघायची.

अशात एके सकाळी मी सशिणीला गवत नेताना पाहिलं. खायचं गवत मी तिला टोपलीत द्यायचे. तिने त्यातल्या काड्या तोंडात आडव्या धरल्या होत्या, दोन्ही बाजूंनी मोठ्या मिशा फुटल्यासारख्या, आणि ती घाईघाईने कपाटामागे गेली. परत आली, परत भरल्या, परत गेली. दुपारपर्यंत तिथे गवताचा ढीग होता, त्यात माझ्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा आणि आईच्या चादरीची एक चिंधी. मग ती स्वतःच्या छातीवरचे केस दातांनी उपटायला लागली. मूठभर पांढरी लोकर निघाली. ती तिने गवतात खोवली.

पिल्लं होणं शक्य नव्हतं. ती आमच्याकडे आल्यापासून एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला झाडूच्या आवाजाने जाग आली. आई खाली बसून फटीतून गवत, केस, चिंध्या ओढून काढत होती, बेडरूमच्या बंद दाराकडे बघत. मी उठले आणि सुपली धरली. वहिनी उठायच्या आत ते सगळं कचऱ्याच्या डब्यात तळाशी गेलं, वर भाजीची सालं. आईने लादी फिनाइलने पुसली. आमचा चहा होईपर्यंत सशीण तिथे परत खणायला लागली होती.

हे रोजचं झालं. सकाळी आई झाडायची, मी सुपली धरायचे, आणि सशीण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. खणणं जास्त जोरात, केस जास्त. तिच्या छातीवर गुलाबी कातडी दिसायला लागली. गवत खाणं कमी झालं. मी मोबाइलवर शोधायचे, अर्धं वाचायचे आणि बंद करायचे.

एका दुपारी आई भाजी आणायला गेली होती आणि वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन हॉलमध्ये आली. सशीण तोंडात लोकर घेऊन तिच्या समोरून गेली. वहिनी भिंतीला हात लावून हळूच वाकली आणि कपाटामागे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. तेवढ्यात आई आली. वहिनीने विचारलं, ही काय करतेय? आई म्हणाली, काय नाय, उन्हाने केस गळतत. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. ती ग्लास तिथेच ठेवून आत गेली.

त्या संध्याकाळी आईने दादाला किचनमध्ये बोलावलं. आमच्या किचनमधलं हॉलमध्ये सगळं ऐकू येतं.

“ह्यां रिकामां घरटां बरां नाय,” आई म्हणाली. “आयतवारी ओटी भरूची आसा. तेच्या आदी सोडून ये तेका.”

रविवारी वहिनीची ओटी भरायची होती. थाटाचं डोहाळजेवण नको असं ठरलं होतं. बिल्डिंगमधल्या चार बायका, नारळ, तांदूळ, आणि मग ती घाटकोपरला माहेरी जाणार होती. दादाने बाहेर येऊन मला समजावून सांगितलं, त्याच्या चांगल्या आवाजात. आरे कॉलनीच्या जंगलात सोडू. झाडं आहेत, गवत आहे, मोकळी राहील. इथे कोपऱ्यात खणत बसण्यापेक्षा बरं ना? तो वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांसमोर खरोखरच आरेतली ती हिरवी बाजू असणार, तबेल्यांच्या पलीकडची. माझ्या डोळ्यांसमोर रस्त्यावरची कुत्री होती, संध्याकाळचा बिबट्या होता, आणि कुठेही लपता न येणारं एक पांढरं जनावर. पण मी हे बोलले नाही. मी मान हलवली. त्याने ती होकारार्थी धरली.

शनिवारी ऑफिसला सुट्टी. प्राण्यांच्या एका डॉक्टरांची वेळ मी आधीच घेतली होती, घरात न सांगता. सशिणीला झाकणाच्या टोपलीत घालून रिक्षाने गेले. डॉक्टर बाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. मी सगळं इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत मला अशी वाक्यं पटापट येतात, दुसऱ्याच कोणाबद्दल असल्यासारखी. त्यांनी सशिणीचं पोट चाचपलं, छातीचे केस फुंकून बाजूला केले आणि मराठीत विचारलं, “हे एकदाचं नाही. परत परत उपटलेत. घरटं काढून टाकता का तुम्ही?”

मी म्हटलं, आई रोज झाडते.

“मग ती रोज नवं करणार.”

मग त्यांनी सांगितलं. अशा सशिणींना एकटं असूनही कधीकधी शरीर सांगतं की पिल्लं येणार. खोटंच असतं, पण शरीराला ते खोटं आहे हे कळत नाही. मग ती जागा खणते, गवत नेते, केस उपटते. हात न लावता राहू दिलं तर दोनेक आठवड्यांत आपोआप उतरतं, ती स्वतःच घरटं सोडून देते. काढून टाकलं की तिला वाटतं तयारी झालेलीच नाही, आणि वेळ तर जवळ येतेय. मी गावच्या सशांचं विचारलं. त्या हसल्या. तो प्राणीच वेगळा, म्हणाल्या. तो उघड्यावर गवतात पिल्लं घालतो. आपले पाळीव ससे मुळात बिळातले. खणणं ही हिची खोड नाही, हिचं काम आहे. पुढे ऑपरेशन केलं तर हे पुन्हा होणार नाही, त्याचा विचार करा, असंही त्या म्हणाल्या. निघताना मी विचारलं, आरेत सोडलं तर? त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

रिक्षात टोपली मांडीवर होती आणि आत ती खणत होती. वेताच्या तळातून तिची नखं मला जाणवत होती. मी घरी काय सांगायचं ते मनात लावत होते. डॉक्टरांकडे इंग्रजीत पटापट बोलता आलं होतं, घरी मात्र सगळं उलगडून सांगावं लागणार होतं. आणि वहिनी घरात असणार. तिच्यासमोर सांगायचं, की एकीला वाटतंय पिल्लं होणार आणि ती होणार नाहीत? सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मला वाटलं उतरावं आणि चालत सुटावं, कुठेही.

घरी आले तर कपाटाच्या फटीत भरलेला गॅस सिलिंडर लावलेला होता, त्याच्यापुढे पाट आडवा. आई तुपात रवा भाजत होती, उद्याच्या लाडवांसाठी. वहिनी दिवाणावर मेथी निवडत होती. मी टोपली उघडली. सशीण सरळ सिलिंडरकडे धावली आणि त्याच्या बुडाशी खणायला लागली. लोखंडाचा आवाज फार मोठा होता. दादा म्हणाला, बरं झालं टोपली आणलीस, ती तशीच राहू दे, सकाळी लवकर निघू.

“ती जाणार नाही,” मी म्हटलं.

माझा आवाज हवा त्यापेक्षा मोठा आला. आई झारा हातात घेऊन दारात आली. मी वहिनीकडे न बघता बोलायला सुरुवात केली, मग वाटलं की हेच तर सगळे करतायत, आणि तिच्याकडे बघून बोलले. “तिला वाटतंय पिल्लं होणार आहेत. होणार नाहीयेत. पण तिला ते कळत नाही. ती जागा करते आणि आपण रोज सकाळी ती काढून टाकतो, म्हणून ती अजून खणते. ती आजारी नाही. आपणच थांबू देत नाही तिला.”

किचनमधून रवा लागल्याचा वास यायला लागला. आई हलली नाही. “माका सांगू नको,” ती खालच्या आवाजात म्हणाली, आणि डोळ्यांनी वहिनीकडे इशारा केला. गप्प बस, असा.

वहिनीने मेथीची जुडी बाजूला ठेवली. “कचऱ्याच्या डब्यात मी पाहिलेत केस,” ती म्हणाली. “रोज बघतेय. आई, मला सगळं दिसतं हो. टीव्ही बदलता तेही दिसतं.” मग थोडं थांबून, “ह्या घरात कोणीतरी तयारी करतंय ना. करू दे की तिला.”

वहिनी उठली, सशिणीच्या टोपलीतलं गवत हातात घेतलं आणि सिलिंडरसमोर खाली वाकायला लागली.

“तू वाकू नको गो,” आई म्हणाली.

कितीतरी महिन्यांत तिने वहिनीच्या पोटाबद्दल काढलेला तो पहिला शब्द होता, तोही पोटाचं नाव न घेता. दादाने उठून सिलिंडर बाजूला फिरवला. आईने गॅस बंद केला, झारा ठेवला, पाट सरकवून खाली बसली आणि वहिनीच्या हातातलं गवत घेऊन फटीत आत ढकललं. हात जाईल तिथपर्यंत. सशीण तिच्या मनगटावरून उडी मारून आत गेली.

रवा करपला होता. लाडवांसाठी दुसरा भाजावा लागला.

रविवारी बायका आल्या. दिवाणावर वहिनीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. आई मुद्दाम कपाटाच्या बाजूला उभी राहिली, कोणाचा पाय जाऊ नये म्हणून. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खुडबुड ऐकून विचारलं, उंदीर आहे की काय? आई म्हणाली, “ससो आसा आमचो. कामात आसा.” आणि कुंकवाचा करंडा पुढे केला.

वहिनी माहेरी गेली. कपाटामागे आम्ही कोणी झाडलं नाही. दोन दिवस खणणं जोरात चाललं, मग कमी झालं, आणि मग एका दुपारी मीटिंगमध्ये माझ्या लक्षात आलं की बराच वेळ काही ऐकू आलेलं नाही. मी हेडफोन काढले. सशीण पंख्याखाली लादीवर मागचे पाय पसरून पडली होती. घरटं तसंच होतं, मध्ये खोलगट, लोकरीने मढवलेलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. आईने मला विचारलं, “काडूचां काय आता?” असं तिने मला कधी विचारल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस.

मला वाटलं होतं, आवाज थांबला की माझंही मन जागेवर येईल. तसं झालं नाही. ऑपरेशनचं मी अजून ठरवलेलं नाही. नखं अजून कुरतडते. घाटकोपरहून फोन वाजला की आई आणि मी दोघी एकदम उठतो.

परवा आईने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून तिच्या जुन्या सुती साड्या काढल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. दुपट्यांना असल्याच साड्या लागतात, हे मलाही माहीत आहे. तिने त्या भिजत घातल्या, पिळल्या आणि हॉलमध्ये दोरीवर वाळत टाकल्या. मी टेबलावरून नुसती बघत होते. “धुतंय फकत,” ती म्हणाली. “धुणां म्हणजे काय तयारी नाय.” मी काही विचारलं नव्हतं.

एका साडीचा पदर लादीपर्यंत आला होता. सशीण आली, तिने तो हुंगला आणि पुढच्या दोन्ही पायांनी खणायला लागली, हलक्या हाताने, झोपायच्या आधी खणते तशी. मी उठणार होते. आईने हात करून मला बसवलं आणि दोरीवरची साडी थोडी खाली ओढून दिली, तिला नीट पुरेल अशी.